लाइटवेट क्रँक पुली किटबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

कोल्हापूर
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची माहिती देऊन विकलेल्या लाइटवेट अंडरड्राइव्ह पुली किटबाबत

महोदय,

आपल्याकडून मी मे महिन्यात हे किट १४,५०० रुपयांना मागवले : क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसणारी, मूळपेक्षा हलकी आणि लहान पुली आणि तिचा बेल्ट. गाडी २०१४ ची, दीड लिटर पेट्रोल, कागदावर ताकद ११९ पीएस. मॉडेल बिलावर आहेच. किट दोन महिने गाडीत होते. मागच्या आठवड्यात ते काढून मी जुनी पुली परत बसवली. का काढले ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर दोन्ही वेळा मला ‘फिटिंग चुकलं असेल’ एवढेच उत्तर मिळाले.

फिटिंग चुकलेले नाही. उद्यमनगरात माझे टर्निंगचे वर्कशॉप आहे, बावीस वर्षे लेथवर उभा आहे. पुली बसवल्यावर डायल लावून तपासली, रनआउट (फिरताना होणारी डगमग) नगण्य होता. बेल्टही तुमच्याच किटमधला, सांगितलेल्या मापाचा. तुमचे मशिनिंग उत्तम आहे हे मी मोकळेपणाने सांगतो. माझी तक्रार मशिनिंगची नाही, काय सांगून पुली विकलीत त्याची आहे.

तुमच्या जाहिरातीत तीन गोष्टी होत्या : ८ एचपीपर्यंत ताकद वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, आणि मूळ पुली म्हणजे इंजिनाच्या गळ्यात बांधलेले मृत वजन आहे.

आधी ताकदीचे. दोन्ही पुल्या मी काट्यावर ठेवल्या. मूळ २ किलो १५० ग्रॅम, तुमची ६४० ग्रॅम. म्हणजे दीड किलो वाचले. तुमच्या सोयीचा हिशेब धरू आणि हे सगळे वजन केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर फिरत होते असे मानू. २००० ते ६००० आरपीएम जायला दुसऱ्या गिअरमध्ये चार सेकंद लागतात असे धरले, तर त्या चार सेकंदांत वाचणारी ताकद सरासरी २४० वॅटच्या आसपास येते. म्हणजे एक तृतीयांश एचपी. गाडीच्या वजनात मोजले तर दुसऱ्या गिअरला चार किलो उतरवल्यासारखे, आणि टॉप गिअरला एक किलोसुद्धा नाही. डिकीतला पाण्याचा वीस लिटरचा कॅन घरी ठेवला असता तर जास्त फरक पडला असता. शिवाय हा फायदा फक्त आरपीएम वाढत असताना. हायवेवर एका वेगाने जाताना हलक्या पुलीचा फायदा शून्य, कारण फिरते वजन एकदा फिरायला लागले की त्याच वेगात ठेवायला वेगळी ताकद लागत नाही. लहान व्यासामुळे बेल्टवर चालणारा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) हळू फिरतो, त्यातून वाचते ते किरकोळ. चार टाक्या मोजून पाहिल्या, अ‍ॅव्हरेजमध्ये फरक दिसला नाही.

न्यूट्रलला रेस केल्यावर काटा चटकन वर जातो, हे मात्र खरे. पहिले दोन दिवस मीही खूश होतो. त्या चटकन जाणाऱ्या काट्यालाच माणूस पिकअप समजतो.

आता आंबा घाटातली गोष्ट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन रत्नागिरीला निघालो होतो. आई बहात्तर वर्षांची, शुगर आहे. घाटात ट्रक बंद पडला आणि दोन्ही बाजूंच्या रांगा थांबल्या. धुके, धो धो पाऊस. हेडलाइट, वायपर चालू, काचेवर वाफ धरते म्हणून एसीही चालू, इंजिन आयडलिंगला. वीस-पंचवीस मिनिटांत समोरच्या गाडीवर पडलेला माझ्या हेडलाइटचा उजेड पिवळट होत गेला. पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन बंद केले. नंतर चावी फिरवली तर नुसते कट्, कट्. मागच्या टेम्पोवाल्या दादांनी केबल लावून गाडी चालू करून दिली. तोवर आई अंधारात, बंद काचेच्या गाडीत बसून होती आणि माझ्यामागे चाळीसेक गाड्या होत्या. त्या वेळी मला काय वाटले ते तुम्ही समजून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

घरी येऊन मल्टिमीटर लावला. सगळे चालू ठेवून आयडलिंगला १२.३ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज होण्याऐवजी उतरत होती. जुनी पुली बसवल्यावर त्याच बॅटरीवर, त्याच लोडवर १३.९. कारण सरळ आहे. मूळ पुलीचा व्यास १४० मिलिमीटर, तुमचा ११६. अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही १७ टक्के हळू फिरणार. ज्यांची गाडी दिवसभर वरच्या आरपीएमला पळते त्यांना हे जाणवणार नाही. ज्यांना दसरा चौकात सिग्नलला थांबायचे असते त्यांना जाणवणार. बॉक्समधल्या कागदावर याबद्दल एक ओळही नाही.

सगळ्यात गंभीर मुद्दा यापुढचा आहे. मूळ पुलीचे बाहेरचे कडे आणि मधला तुंबा यांच्यामध्ये रबराचा काळा थर आहे, नखाएवढ्या जाडीचा. पान्ह्याने टिचकी मारली तर ती पुली ‘थप्’ वाजते. तुमची देवळातल्या घंटेसारखी ‘टण्ण’ वाजत राहते. बसवण्याआधी मी तुमच्या माणसाला फोनवर हेच विचारले होते, की हे रबर कशासाठी आहे. ‘फक्त आवाज कमी करायला’, असे उत्तर मिळाले. मी विश्वास ठेवला. हा माझा धंदा असूनही ठेवला, कारण इंजिनाच्या भागांचा धंदा तुमचा आहे.

ते उत्तर चुकीचे होते. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला शंभर वेळा पेट्रोल पेटते. प्रत्येक ठोक्याला क्रँक किंचित पिळवटतो आणि परत सुटतो. झोक्याला नेमक्या वेळी हात लागत गेला की झोका वाढतो, तसा ठराविक आरपीएमला हा पीळ वाढत जातो. रबरावर बसवलेले बाहेरचे कडे हा पीळ शोषून घेते. याला टॉर्शनल डॅम्पर म्हणतात. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी अशा डॅम्परवर शंभर वर्षांपूर्वीच काम केलेले आहे. तुम्ही ज्याला मृत वजन म्हणता, ते वजन प्रत्येक ठोक्याला क्रँक सांभाळत होते.

किट काढताना पुलीचा बोल्ट मी कसला होता त्यापेक्षा सैल निघाला, आणि पुढच्या ऑइल सीलभोवती तेलाचा ओलावा होता. क्रँक आणि बेअरिंगला काय झाले आहे ते इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही. मला रात्री झोप लागत नाही ती या विचाराने.

हलक्या पुल्या सगळीकडे वाईट असे माझे म्हणणे नाही. ज्या इंजिनाची मूळ पुलीच साधी, बिनरबराची आहे तिथे, किंवा रेसच्या गाडीत, जिथे वेगळा डॅम्पर लावतात आणि इंजिन ठराविक तासांनी उघडतात, तिथे त्यांना जागा आहे. घरातल्या एकुलत्या एका गाडीसाठी हा खर्च करण्यासारखा नाही, आणि हे तुम्ही विकताना सांगायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा : किटचे १४,५०० रुपये आणि ऑइल सील, बेल्ट व मजुरीचे ३,८०० रुपये परत मिळावेत. जाहिरातीतून ‘८ एचपी’ आणि ‘मृत वजन’ हे दावे काढावेत. आणि ज्यांच्या मूळ पुलीत रबर आहे अशा गाड्यांसाठी ज्यांनी ज्यांनी हे किट नेले, त्या सर्वांना तुम्ही लेखी कळवावे. पैशांपेक्षा मी या शेवटच्या मागणीवर जास्त अडून आहे. त्यांच्यातले बहुतेक लेथवाले नसणार, त्यांना बोल्ट सैल झालेला दिसणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते.

दोन्ही पुल्यांचे फोटो जोडले आहेत. तुमची पुली वर्कशॉपमध्ये जशीच्या तशी ठेवली आहे. तुमचा इंजिनिअर पाठवा, मी गाडी त्याच्यासमोर उभी करतो.

कळावे,
आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, व्होल्टेजच्या नोंदी, ऑइल सील व मजुरीची पावती, फोटो