ताई, त्या हजेरीपटासाठी

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसणारे माझ्यासारखे आणखी कोणी असतील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्हाला हे फारसं आवडणार नाही, माहीत आहे.

शाळेत समाजकार्यकर्त्याचं पद मंजूर झालं, तेव्हा त्या माणसाने नेमकं करायचं काय, हेच मला धड ठाऊक नव्हतं. भांडणारी पोरं समजावेल, पालकांना फोन करेल, एवढीच माझी कल्पना. प्रश्न मात्र काढून तयार होते. स्वतःबद्दल सांगा, तुमचे गुणदोष सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल. तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "यांची उत्तरं सगळ्यांची पाठ असतात. पाठांतराची परीक्षा घ्यायची आहे का आपल्याला?"

मुलाखत समितीतले एक सदस्य तेव्हा "शाळेत समाजकार्यकर्ता, हे नवीनच खूळ" असं काहीसं पुटपुटले होते. तुम्ही त्यांना न दुखावता सांगितलंत, की 1906-07 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्डमध्ये 'भेट देणाऱ्या शिक्षिका' मुलांच्या घरी जायला लागल्या, तेव्हापासूनचं हे काम आहे. 1913 मध्ये रॉचेस्टरच्या शिक्षण मंडळाने तर ते स्वतःच्या अखत्यारीत घेतलं. शिक्षकाला वर्गातलं मूल दिसतं, घरातलं दिसत नाही, म्हणून मधली वाट चालणारं कोणीतरी हवं. त्याच दिवशी मी जाहिरातीतून 'समुपदेशनाची आवड' काढून टाकलं आणि गृहभेटी, बालसंरक्षण, नोंदी, बाहेरच्या यंत्रणांशी समन्वय असं साधं लिहिलं. अर्ज कमी आले. पण जे आले, ते कामाचे होते.

आणि तो हजेरीपट! एका महिन्याचा, तुम्ही स्वतः आखलेला, नावं खोटी. सातवीतली एक मुलगी, नऊ दिवस गैरहजर. खाली तिसरीतल्या तिच्या भावाची ओळ. उमेदवाराच्या हातात कागद द्यायचा, पाच मिनिटं आपण गप्प बसायचं आणि मग एकच विचारायचं, "काय दिसतंय?" ती पाच मिनिटं गप्प बसणं मला किती जड गेलं, ते तुम्ही पाहिलंतच. दोनदा टेबलाखालून पाय मारलात.

पहिले म्हणाले, पालकांना नोटीस काढू. दुसऱ्याने कागदाकडे जेमतेम पाहिलं आणि किशोरवयावर इतकं सुरेख बोलला की मी मनातल्या मनात त्याची ऑर्डर टाईप करायला घेतली. तिसरीने पेन्सिल मागितली. बोट ठेवत ठेवत दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. म्हणाली, "ही नाही त्या नऊ दिवसांपैकी सात दिवस भाऊ उशिरा आलाय. म्हणजे त्याला कोणीतरी घाईघाईत आणून सोडतंय. हीच सोडून परत जात असेल का? मी आधी फाटकावर असणाऱ्या माणसाला विचारीन, मग घरी जाईन." मी तोच कागद तीन वेळा पाहिला होता. ते 'उशिरा' मला दिसलेच नव्हते.

दुसरा प्रश्न तुमचाच. मुलगी म्हणतेय, "कोणाला सांगणार नाही असं वचन द्या, तरच सांगते." काय कराल? सुरेख बोलणारा तो मुलगा म्हणाला, देईन वचन, आधी विश्वास जिंकायला हवा. मी मान डोलावली. तुम्ही फक्त काहीतरी लिहून घेतलंत. तिसरी थांबली, मग म्हणाली, "वचन नाही देणार. तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका असेल तर मला ते पुढे सांगावंच लागेल, हे आधीच सांगेन. पण कोणाला सांगतेय, कधी सांगतेय, ते तुला कळल्याशिवाय नाही. आणि तुला काय व्हायला हवंय तेही विचारीन." नंतर तुम्ही मला समजावलंत, की न पाळता येणारं वचन मोडतं तेव्हा मुलाला एवढंच कळतं, की हाही मोठा माणूस खोटंच बोलला. तिचं शेवटचं वाक्य म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं बारावं कलम आहे, हेही तुम्हीच दाखवलंत. मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. तिने कलमाचा उल्लेखही केला नव्हता.

आता कबुलीजबाब. चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून कागद पालथा ठेवायचा, हा तुमचा नियम मला तेव्हा जरा अतीच वाटला होता. कागद उलटले. सुरेख बोलणाऱ्याला मी प्रत्येक रकान्यात पाचपैकी पाच दिले होते, 'नोंदी ठेवणे' या रकान्यातसुद्धा. तुम्ही हळूच म्हणालात, "नोंदींबद्दल आपण त्याला विचारलं होतं का?" विचारलंच नव्हतं. 1920 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांना सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांत हेच सापडलं होतं म्हणे: एक गुण डोळ्यांत भरला की बाकीचे आपोआप चांगले दिसू लागतात. शंभर वर्षांनी मी तेच करून दाखवलं. सगळ्यांना तेच प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा येतो, हे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये घेतलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात आहे. 2022 च्या फेरतपासणीत आकडे उतरले, तरी आखीव मुलाखत वरच राहिली. पण मला आकड्यांपेक्षा माझा तो पाचपैकी पाच पुरेसा होता.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी भांडेन. नुकतीच शिकून आलेली ती चौथी मुलगी घाबरून गोठली होती, तिच्याशी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोललो असतो तर आभाळ कोसळलं नसतं. तुम्ही म्हणालात, मग ती दोन मिनिटं सगळ्यांनाच द्या. बरोबर आहे. तरी वाईट वाटलंच.

ज्यांना घेतलं नाही त्यांना फोन मीच करायचा, ऑफिसला करायला लावायचा नाही, हेही तुमचंच. ते फोन मुलाखतींपेक्षा अवघड गेले. चौथीने विचारलं, कुठे कमी पडले? माझ्याकडे रकाने होते, म्हणून खरं उत्तर देता आलं.

तिसरी आता आपल्याकडे आहे. "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हटल्यावर तिने पगाराच्या आधी विचारलं होतं, "मुलांशी बोलायला खोली कोणती? आतलं बाहेर ऐकू जातं का?" आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, आठवतं? खोलीचा विचार तुम्हीही केला नव्हता, ताई. जिन्याजवळची नकाशे ठेवायची खोली रिकामी केली आहे. दार आतून लागत होतं, ती कडी काढून टाकली आणि वरच्या भागात काच बसवली, म्हणजे आतलं माणूस दिसेल पण ऐकू येणार नाही. बाहेर उभं राहून मी स्वतः कान लावून पाहिलं. तुम्ही एकदा येऊन आत बसा आणि मोठ्याने बोलून बघा, मी बाहेर थांबते.

तुमची,
मुख्याध्यापिका