वैमानिकी जॅकेट घेताना रंगाआधी शिवण पाहा

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या लोकरी कातड्याच्या जॅकेटच्या प्रतिकृती घेणारे आधी रंग पाहतात. पाहायला हवी शिवण. ब्रिटिश इर्विन जॅकेटच्या सांध्यांवर चामड्याची पट्टी शिवलेली असते, बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन असते. अमेरिकी बी-३ हे १९३४चं. त्याच्या कातड्यावर तपकिरी लेप असतो आणि तो घड्यांवर तडकतो.

मेंढीचं कातडं गाईच्या चामड्यापेक्षा बरंच नाजूक. टाके फार जवळजवळ घातले, तर सुईची भोकं पोस्टाच्या तिकिटासारखी रांग धरतात आणि काखेत फाटतं.

माप घेताना लोकर विसरू नये. ती दीड सेंटिमीटर जाड असेल, तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा सुमारे ९ सेंटिमीटर कमी भरतो. वापरानं लोकर थोडी दबते, पण त्या भरवशावर घट्ट जॅकेट घेणं चूकच.

भिजलं तर रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाळवावं. हीटरजवळ ठेवलं, की कातडं आक्रसून कडक होतं आणि मग ते पूर्ववत होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडून बुरशी येते. सुती खोळ वापरावी. वॉशिंग मशिनचं तर नावच नको!

– एक वाचक