नोटीस बोर्डावरची यादी

ठाणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

दुपारी वाशीहून निघताना मी नीट बोलले नाही. गाडीत ऐरोली येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. फोन केला तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही म्हणालात, "कंपन्या पक्षांना पैसे देणारच, सगळेच घेतात." घेतात सगळेच, कबूल. निवडणूक रोखे म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन, देणाऱ्याचं नाव लोकांना न कळता पक्षाला देता येणारे कागद. त्यांची यादी निघाली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार ठरली लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. त्यातला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुकला गेला. सगळ्या पक्षांत जास्त रोखे भाजपने वटवले. मला खुपतं ते लपवणं.

तुम्ही तीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत हिशेब लिहिलेत, म्हणून हे तुमच्याशीच बोलावंसं वाटतं. पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, आणि कुठल्या पक्षाला किती दिले ते नफा-तोटा पत्रकात दाखवावं लागायचं. २०१७ मध्ये ती मर्यादा गेली, पक्षाचं नाव सांगण्याचं बंधनही गेलं. तोट्यातल्या कंपनीलाही देणगीची वाट मोकळी झाली. तोटा दाखवणारी कंपनी कोट्यवधी देते तेव्हा ते पैसे नक्की कुणाचे, हे तुम्हीच आधी विचारलं असतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकल्यावर! न्यायालयाने ती दिली नाही.

मी आठवीत असतानाचा गणपती आठवतो? पावतीपुस्तक तुमच्याकडे होतं. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी चालली होती, आणि एक बिल्डर मोठी रक्कम घेऊन घरी आला. "गुप्तदान समजा," म्हणाला. तुम्ही म्हणालात, पावती नावाने फाडीन, नाहीतर पैसे परत न्या. तो उठून गेला. त्या वर्षी मंडप छोटा झाला. आई, तू आणि शेजारच्या काकूंनी सगळा प्रसाद घरीच केलात. विसर्जनानंतर एकावन्न रुपयांपासून प्रत्येकाचं नाव नोटीस बोर्डावर लागलं. मी ती यादी शाळेत जाताना रोज वाचायचे.

अशा माणसाने "चालायचंच" म्हटलं, ते मला सहन झालं नाही.

आणि देणगी तरी कागदावर येते. कुठल्या नियमातला कुठला शब्द बदलावा म्हणून दिल्लीत कुणाच्या वतीने कोण कुणाला भेटतं, त्याची नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना नाव नोंदवून, कुणासाठी काम करतो आणि किती पैसे मिळतात, ते जाहीर करावं लागतं. पैशाचा जोर तिथेही आहे, पण शोधायला बसलं तर धागा हाती लागतो.

पुढच्या रविवारी येते. २१ मार्च २०२४ ला रोख्यांचे क्रमांकही जाहीर झाले, त्यामुळे कुणी घेतलेला रोखा कुठल्या पक्षाने वटवला ते जुळवता येतं. काही पानं छापून आणते. बाबा, तुमची लाल पेन्सिल शोधून ठेवा. आई, जेवायला साधा वरणभातच कर, आम्हाला बसायला वेळ लागेल.

तुमची,
मनू