न कळवता कापलेले शुल्क

महोदय,

खात्यात पैसे कमी असताना बँकेने एखादा व्यवहार निभावून नेला, तर त्याचे शुल्क लागणार, हे मान्य. पण ओव्हरड्राफ्टचे हे शुल्क खातेउताऱ्यात उमटेपर्यंत ग्राहकाला अनेकदा पत्ताच नसतो. खरी मेख तारखांमध्ये आहे. जमा केलेला धनादेश खात्यात दिसतो, पण वटलेला नसतो. मधल्या काळात विम्याचा किंवा कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो. शिवाय दिवसभराचे व्यवहार बँक कोणत्या क्रमाने नोंदवते, हाही प्रश्न आहेच. मोठी रक्कम आधी वजा केली, तर त्यानंतर नोंदवलेल्या तीन-चार किरकोळ व्यवहारांवर प्रत्येकी शुल्क बसू शकते. क्रम उलटा असता, तर कदाचित एकदाच बसले असते. ज्या बँका मोठी रक्कम आधी घेतात, त्यांच्या हे बरे पथ्यावर पडते!

असे शुल्क दिसताच लेखी हरकत घ्यावी. पहिल्या वेळी अनेक बँका ते परतही करतात, पण मागितले तरच. ओव्हरड्राफ्टची ही सोय नकोच असेल, तर ती बंद करता येते का, हे शाखेत विचारावे. मग व्यवहार नाकारला जाईल, इतकेच. (हप्ता न वटल्यास त्याचा दंड मात्र वेगळा.)

खाते ऋणात जाण्याआधी मोबाइलवर एक संदेश धाडणे बँकांना जड नाही. कर्ज घ्या म्हणून त्यांचे संदेश रोज येतातच की!

– एक खातेदार