कोसळलो नाही, उतरलो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पान तीनवर माझा फोटो आला होता. म्हणजे मी त्यात दिसत नाही. माझ्या पॅराग्लायडरचं केशरी कापड बावधनच्या रानात अस्ताव्यस्त पडलेलं दिसतं. वर मथळा, 'पॅराग्लायडर शेतात कोसळला'. शेजारच्या चौकटीत, 'लहरी हवेमुळे स्पर्धेचा फज्जा'. सकाळी सातला कोरेगावहून मावशीचा फोन आला, ती रडतच होती. मी तेव्हा भिलारला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तोडणीला वाकलो होतो.

आधी त्या कापडाचं सांगतो. हवा भरलेली असते तोवर तो पंख. पाय जमिनीला लागले, वेग संपला की नुसती चादर. कितीही अलगद उतरा, ते असंच पडणार. एवढ्यावरून अपघात ठरवायचा तर मी गेल्या अकरा वर्षांत शेकडो वेळा कोसळलो आहे.

बातमीत न आलेली हकिगत अशी. या स्पर्धेत कोण किती वेळ तरंगतो हे मोजत नाहीत. सकाळी ब्रीफिंगला त्या दिवसाचं टास्क जाहीर होतं. त्या दिवशीचं होतं, पाचगणीच्या कड्यावरून निघून पांडवगड, तिथून वैराटगड आणि शेवट वाईजवळच्या मैदानावर. प्रत्येक ठिकाणाभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ कल्पायचं आणि आपण त्यात शिरल्याची नोंद जीपीएसवर झाली पाहिजे. इंजिन नसतं. उंची कमवायची ती थर्मलमधून, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेतून. नांगरलेलं काळं रान, उघडा कातळ, पत्र्याची गोदामं लवकर तापतात. ओल्या उसावर काही मिळत नाही, आणि आमच्या कृष्णाकाठी ऊसच ऊस. मग घारींकडं बघायचं. पंख न हलवता जिथं त्या घिरट्या घेतात, तिथं आपणही जाऊन वळायचं.

सकाळी दहाला आभाळ निरभ्र होतं. साडेअकराला पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे ढग आले आणि ऊन फिकं पडलं. हवा तपासायला ज्याला सर्वांच्या आधी सोडतात, त्याला आम्ही 'विंड डमी' म्हणतो. तो पंधरा मिनिटांत खाली जाऊन बसला. आयोजकांनी उड्डाणं दोनदा थांबवली. हार्नेस बांधून, हेल्मेट घालून, उन्हात बसून आम्ही वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडं बघत होतो. पाऊणच्या सुमारास ऊन पुन्हा पडलं आणि मी निघालो.

पांडवगड गाठला, वर्तुळ शिवलं. वैराटगडाकडं तोंड केलं तर समोरून पूर्वेचा वारा आणि मागून ढगांची सावली. सावली पुढं सरकली तसा व्हेरिओ, म्हणजे आपण वर चढतोय की खाली जातोय हे आवाजानं सांगणारं यंत्र, गप्प झाला, मग रडका सूर काढू लागला. हिशेब सोपा असतो. माझा पंख एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढं जातो. ७०० मीटर उंची म्हणजे शांत हवेत सहा किलोमीटर. पण पंखाचा वेगच ताशी ३८ किलोमीटर. समोरून १५ चा वारा असेल तर चारसुद्धा होत नाहीत. वैराटगड हाताबाहेर गेला होता. मग उंची हातात असतानाच रान निवडायचं. विजेच्या तारा नकोत, ऊस नको, उभा शाळू नको. हरभरा काढून मोकळं झालेलं एक रान दिसलं. कुणीतरी बांध पेटवला होता, त्या धुरानं वाऱ्याची दिशा दाखवली. वाऱ्याकडं तोंड करून दोन पावलांत उभा राहिलो.

रानाचे मालक, सत्तरीचे बाबा, काठी टेकत आले. "लागलं का रं पोरा?" आणि लगेच, "छत्री फाटली न्हाई न्हवं?" त्यांनी किटलीतला चहा दिला, कापडाची घडी घालू लागले. तेवढ्यात मोटरसायकलवरून आलेल्या दोन पोरांनी फोटो काढला. पुढचं आपल्याला ठाऊक आहेच.

त्या दिवशी निम्म्याहून जास्त जण असेच वाटेत उतरले. जिथवर पोचलात तेवढ्या अंतराचे गुण मिळतात, हा खेळाचा नियमच आहे. माझा एकोणिसावा क्रमांक आला. तेवढं मात्र छापलं नाहीत!

आता 'फज्जा'. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला टास्क रद्द केलं, कारण महाबळेश्वरच्या बाजूला ढग फुलकोबीसारखे वर चढत होते. असा ढग खालून माणसाला ओढून घेतो. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात स्पर्धेच्या सरावात जर्मनीच्या एव्हा विस्निएरस्का यांना वादळी ढगानं ९,९०० मीटरच्या वर नेलं. त्या बेशुद्ध झाल्या, अंगावर बर्फ साचला, तरी वाचल्या. त्याच ढगात सापडलेला चिनी वैमानिक मात्र गेला. आमच्याकडं चार वाजता टपोरे थेंब पडले. माझी तयार फळं भिजून खराब झाली. त्या नुकसानीबद्दल आपण लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. टास्क रद्द करणाऱ्याला मी तरी त्या संध्याकाळी हात जोडले.

एक विनंतीही आहे. आपण रोज 'सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या सरी' एवढंच छापता. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. हा एका ओळीचा अंदाज ना उडणाऱ्याच्या कामाचा, ना स्ट्रॉबेरीवाल्याच्या. मी दोन्ही आहे. निदान तालुकावार आणि वाऱ्याच्या दिशेसकट छापता आला तर पाहावं.

आणि बातमीत 'पिकाचं नुकसान' असंही होतं. त्या बाबांना भावकीतून फोन येताहेत, भरपाई किती मिळाली म्हणून. त्यांनी मला मुद्दाम सांगितलं आहे, तेवढं कळवा की रानात तेव्हा पीकच नव्हतं.

आपला वाचक,
एक स्पर्धक
भिलार, ता. महाबळेश्वर, जि. सातारा