तुमच्या नातवाच्या अझहरबद्दल

कैरो

प्रिय अम्मी आणि अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर नातवाने अझहरचं, म्हणजे इथल्या कैरोतल्या अल-अझहर मशीद-विद्यापीठाचं नाव काढलं आणि अब्बा, तुम्ही गप्प झालात. नंतर अम्मीकडून कळलं की बारावी सायन्सला एवढे चांगले मार्क पडलेला पोरगा आता मौलवी होणार, हे तुमच्या जिवाला लागलंय. फोनवर असले विषय धड बोलून होत नाहीत, म्हणून लिहायला बसले. मी त्याच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते.

अब्बा, तुम्हाला आपल्या मशिदीतला कुनूतचा, म्हणजे नमाजमध्ये उभं राहून मागायच्या त्या दुआचा तंटा आठवत असेलच. आपण कोकणातले शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मजहबचे, त्यांच्या धर्मशास्त्राच्या परंपरेतले. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) रुकूनंतर, म्हणजे वाकून उठल्यावर, हात उचलून कुनूत पढायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मग उत्तरेकडचे हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या मजहबचे इमाम आले. त्यांनी कुनूत न पढता सरळ सजदा केला आणि नमाज झाल्यावर अर्धी जमात उठून उभी राहिली. जमातीच्या बैठका झाल्या, भावाभावांत अबोला आला, काहींनी घरीच नमाज पढायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना मोठ्या आवाजात बोलणारे भरपूर होते. दोन्ही बाजू समजावून सांगेल असा माणूस मात्र अख्ख्या पंचक्रोशीत नव्हता. तुम्ही तेव्हा घरी येऊन म्हणाला होता, "ह्यांना शिकवणारा कोणी भेटलाच नाही." तुमचं ते वाक्य मी विसरले नाही.

इथे अझहरच्या मशिदीत अजूनही दर्स, म्हणजे पाठ चालतात आणि बायकांनाही बसता येतं. मी आणि तुमचा नातू एकदा अशाच एका दर्साला गेलो, तर विषय नेमका कुनूतचाच निघाला. शेखांनी आधी पैगंबरांचे सहाबी (सोबती) हजरत अनस यांची एक रिवायत, म्हणजे त्यांनी सांगितलेली हकीकत वाचली: पैगंबरांनी महिनाभर कुनूत पढली आणि मग सोडली. मग त्याच हजरत अनस यांची दुसरी वाचली: शेवटपर्यंत फजरला पढत राहिले. सहाबी एकच आणि बोल दोन. हनफी पहिलीला धरतात, शाफई दुसरीला. मग शेखांनी दुसरी रिवायत सांगत आलेल्या माणसांच्या साखळीतल्या एका नावावर बोट ठेवलं, अबू जाफर अल-राजी. या माणसाच्या स्मरणशक्तीवर हदीसच्या काही जाणकारांनी शंका घेतलीय, काहींनी त्याला विश्वासू मानलंय. कोणी काय म्हटलं आणि का, हे त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. शेख स्वतः शाफई होते. आपल्याच मजहबची दुखरी जागा ते विद्यार्थ्यांना दाखवत होते आणि तरीही फजरला कुनूत पढत होते. तुमचा नातू भराभर वहीत उतरवून घेत होता. त्याला हेच शिकायचंय, अब्बा.

आपले इमाम शाफई इथेच, कैरोत दफन आहेत. 820 साली जुन्या कैरोतल्या फुस्तातला वारले. त्यांच्या कबरीवरचा घुमट अय्यूबी सुलतान अल-कामिलने 1211 मध्ये बांधला, घुमटाच्या टोकावर धातूची छोटी होडी आहे. बगदादमध्ये दिलेली कितीतरी मतं त्यांनी इजिप्तमध्ये आल्यावर बदलली. आपल्या मजहबमध्ये त्यांना 'कदीम' (जुनी) आणि 'जदीद' (नवी) म्हणतात. आणि असं सांगतात की बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ त्यांनी फजर पढली तेव्हा अदब म्हणून कुनूत सोडली. हे आपल्या गावात कोणाला ठाऊक असतं तर?

अझहरचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांसमोर आपला गावचा मदरसा येत असणार. हे त्याच्या पुढचं, उच्च शिक्षण आहे. मशिदीचं बांधकाम 970 मध्ये सुरू झालं, 972 मध्ये नमाज आणि 975 मध्ये पहिला पाठ. बांधणारे फातिमी, म्हणजे इस्माईली शिया. सलाहुद्दीनने 1171 मध्ये त्यांची सत्ता संपवली आणि इथली जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची नमाज बंद केली, ती मामलुक सुलतान बैबर्सच्या काळात 1266 ला पुन्हा सुरू झाली. पुढे हीच जागा सुन्नी इल्मचं सर्वांत मोठं केंद्र झाली, चारही मजहब एका छपराखाली. शेख खांबाला टेकून बसत आणि पोरं भोवती गोल करून. मगरिबी, शामी, तुर्की अशा मुलुखावार विद्यार्थ्यांचे राहण्याचे रिवाक होते आणि वक्फातून, म्हणजे धर्मासाठी दान दिलेल्या मालमत्तेतून रोजची भाकरी मिळे. बाहेरच्या एका दरवाज्याला अजून न्हाव्यांचा दरवाजा म्हणतात, तिथे विद्यार्थ्यांची डोकी भादरत. रीतसर परीक्षा 1872 पासून आली. 1930 च्या कायद्याने तीन कॉलेजं झाली: उसूलुद्दीन, शरिया आणि अरबी भाषा. 1961 च्या कायद्याने मेडिकल आणि इंजिनीअरिंगही आलं आणि मुलींसाठी दार उघडलं.

अम्मी, हे शेवटचं तुझ्यासाठी. तू ओटीवर बसवून आळीतल्या सगळ्या मुलींना कुरआन शिकवलंस, पण तुला स्वतःला नाजिराच्या, म्हणजे बघून वाचण्याच्या पुढे कोणी शिकवलं नाही. आज इथे मुली हदीस आणि फिकहमध्ये (धर्माच्या कायद्यात) डॉक्टरेट घेतात. त्या दिसल्या की तू आठवतेस.

अब्बा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, म्हणून हेही सांगते. 1919 मध्ये इंग्रजांविरुद्ध इजिप्त पेटलं तेव्हा सर्जियस नावाच्या कॉप्टिक ख्रिस्ती पाद्रीने अझहरच्या मिंबरवरून, म्हणजे खुतब्याच्या व्यासपीठावरून भाषण केलं होतं.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. घोकंपट्टी इथे मुरलेली आहे. लेखक ताहा हुसैन लहानपणीच आंधळे झालेले, 1902 मध्ये खेड्यातून इथे शिकायला आले आणि याच घोकंपट्टीला कंटाळून नव्या इजिप्शियन विद्यापीठात गेले. 1914 मध्ये तिथली पहिली डॉक्टरेट त्यांची. 1925 मध्ये अली अब्दुल राजिक या अझहरीने खिलाफत दीनचा, धर्माचा भाग नाही असं लिहिलं, तर अझहरच्या उलेमांनी त्यांची सनद काढून घेतली. मतभेद शिकवणाऱ्या संस्थेने एका मतासाठी आपल्याच आलिमाला बाहेर काढावं, हे मला आजही खुपतं. सरकारचा हातही लांबवर पोचतो. हे सगळं तुमच्या नातवाला माहीत आहे, मीच सांगितलंय. तो म्हणतो, "म्हणून तर आत जाऊन शिकलं पाहिजे."

तुमची खरी काळजी पोटापाण्याची आहे हे मी ओळखून आहे. त्याचं गोडगोड उत्तर माझ्याकडे नाही. आलिमाला डॉक्टरएवढा पैसा मिळणार नाही. पण निकाहनामा, तलाक, वारसा, वक्फची जमीन या बाबतीत माणसं आधी मौलवीकडेच जातात, आणि तिथे अर्धवट शिकलेला माणूस बसला असेल तर घरं मोडतात. आपल्या आळीत विधवेचा वाटा कसा बुडवला गेला ते तुम्ही पाहिलंयत. हुशार पोरं सगळी सायन्सला पाठवायची आणि मिंबरवर कोण उभं राहतं म्हणून तक्रार करायची, हे कसं चालेल?

रस्ता लांबचा आहे. लगेच शरियाला प्रवेश मिळणार नाही. आधी अझहरच्या शेख झायेद केंद्रात अरबी पक्की करायची, शालेय पातळीचं जे कमी असेल ते भरून काढायचं, त्यानंतर कॉलेजची चार वर्षं. मध्येच मन बदललं तर बारावीचे मार्क कुठे जात नाहीत.

अजून अर्ज भरलेला नाही. तुमच्या होकाराशिवाय भरणार नाही असं तो म्हणतो आणि मीही त्याला घाई करत नाहीये. शुक्रवारी जुम्म्यानंतर तो फोन करेल. अब्बा, गप्प बसू नका. वर्गात पोरांना उभं करून विचारायचात तसं त्याला विचारा, अगदी कुनूतचंसुद्धा.

अम्मी, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. अब्बांना मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू देऊ नकोस.

दुआत याद ठेवा.

तुमची लेक