स्मृतिभ्रंशाच्या जनुकीय अभ्यासात आपले ज्येष्ठही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उतारवयातील स्मृतिभ्रंशामागच्या जनुकीय कारणांचे संशोधन आजही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहे आणि त्याचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावले जातात, ही चिंतेची बाब आहे. ‘एपीओई’ जनुकाचा ई४ हा प्रकार स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण असलेल्या अल्झायमर आजाराचा धोका वाढवतो, हे १९९३ पासून ठाऊक आहे. मात्र १९९७ साली अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा आई आणि वडील दोघांकडूनही ई४ मिळालेल्यांचा धोका, ई३ या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराची जोडी असणाऱ्यांच्या तुलनेत, गोऱ्या लोकांत सुमारे १५ पट, आफ्रिकी-अमेरिकनांत सुमारे ६ पट, तर जपान्यांत तब्बल ३३ पट आढळला. म्हणूनच भारतीयांसाठीचा आकडा भारतीयांच्याच अभ्यासातून यायला हवा; ‘आशियाई’ म्हणून जपानी आणि मराठी माणूस एकाच गटात घालून तो मिळणार नाही.

६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे. ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्याची, माहिती संशोधकांना उपलब्ध करून दिली, हे मोलाचेच, पण कोणाची स्मृती कधी आणि कशी ढळत गेली, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्याशिवाय नुसत्या जनुकांवरून फारसे उलगडत नाही. कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात ग्रामस्थांचा असा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे.

तसाच अभ्यास वडोदऱ्यात व्हावा. गायकवाडांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचे मूळ महाराष्ट्रातले, पण राहणीमान आणि हवामान गुजरातचे. वंश आणि परिस्थिती यांचा वाटा निराळा करून पाहण्यासाठी अशी कुटुंबे फार उपयोगी ठरतील. स्मृतीची चाचणी मात्र ज्येष्ठांच्या घरच्या भाषेत आणि त्यांच्या शिक्षणाला साजेशी हवी. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार करावी लागली होती. घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या आजींना परक्या भाषेत प्रश्न विचारले, तर त्यांचे गुण अकारण घसरतील आणि पुढे जनुकांशी घातलेली सांगडही चुकेल.

ई४ आढळणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे, हे रक्त देण्यापूर्वीच प्रत्येकाला समजावून सांगावे. संमतिपत्र मराठीतही असावे आणि ही माहिती विमा कंपन्यांच्या हाती पडणार नाही, अशी लेखी हमी द्यावी. एवढे झाले, तर येथील मराठी मंडळांनी आपल्या ज्येष्ठ सभासदांना सहभागासाठी जरूर उद्युक्त करावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा